क्लिक फिरतात पण छर्रा हलत नाही: मखमलाबादच्या एका स्प्रिंग रायफलचं पूर्ण प्रकरण

एअर रायफलवर स्कोप (नेमाची दुर्बीण) लावला आणि झिरो टिकत नाही, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा पडत राहत नाही, अशी तक्रार आली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, स्कोप बेकार आहे, दुसरा घ्या. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. स्वस्तातला स्कोप कमजोर असतो हे खरंच, पण त्याला कसा बसवलाय आणि कुठल्या टोकाला ताणून ठेवलाय हे न बघता तो फेकायचा म्हणजे पैसे गेले आणि दुखणं रायफलमध्ये तसंच राहिलं. खालचं प्रकरण त्यासाठीच सविस्तर लिहितोय, कारण यात एकाच रायफलमध्ये चार-पाच गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्यातली मुख्य गोष्ट सहसा कोणी तपासतच नाही.

रायफल आमच्या ओळखीतल्या एका द्राक्षवाल्या भाऊंची, मळा नाशिकजवळ मखमलाबाद शिवारात. त्यांची मुलगी अकरावीला, एनसीसीत आहे, तिथे पॉइंट टू टू रायफलवर २५ मीटरचं फायरिंग केल्यापासून तिला नेमबाजीची मनापासून ओढ लागलेली. भाऊंनी तिला घरी सराव व्हावा म्हणून नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल घेतली, .१७७ बोर म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि तिच्याबरोबर ३-९×४० चा (३ ते ९ पट झूम, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) स्कोप सेटमध्येच आलेला. माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारा भाग, दोन वेगळ्या रिंगांचा, रायफलच्या पाठीवरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसणारा. घरीच बसवला, २० मीटरवर टार्गेट लावलं आणि तिथून भानगड सुरू झाली.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो कारण दर वेळी विचारल्या जातात. एक, .१७७ पर्यंतचा बोर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या एअर रायफलला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. दुसरी, लायसन्स नाही म्हणजे मळ्यातली पाखरं मारायची परवानगी मिळाली असं होत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि द्राक्षावर पाखरं येतात त्याला जाळी हाच उपाय. भाऊ याबाबतीत एकदम पक्के आहेत, रायफल फक्त कागदावर चालते. टार्गेटमागे मातीने भरलेल्या गोण्या दोन थरांत, त्यामागे बांध, आणि फायरिंग चालू असताना त्या बाजूला मजूर कोणी नाही हे बघूनच छर्रा भरायचा. डोळ्याला चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यालासुद्धा. ही व्यवस्था आधीपासून चांगली होती म्हणून मी मदतीला तयार झालो, नाहीतर स्कोपबद्दल बोलण्यातच अर्थ नव्हता.

आता मूळ मुद्दा. मुलीने एक फार चांगलं काम केलं होतं, वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. एनसीसीत ग्रुपिंगची, म्हणजे लागोपाठचे छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते बघायची, सवय लागलेली, त्यामुळे एकेका छर्ऱ्यावरून नॉब फिरवत बसली नाही, दर वेळी पाच मारून मध्य काढला आणि मग क्लिक दिले, म्हणजे स्कोपचा नॉब मोजून टक-टक फिरवला. वहीतलं पान असं होतं:

पाच छर्रे, मध्यापासून खाली साधारण १३ सेमी, डावीकडे ६. अप ४० क्लिक.
पाच छर्रे, खाली ७. अप ३० क्लिक, राइट ४० क्लिक.
पाच छर्रे, खाली ३, डावं-उजवं जवळपास ठीक. अप २० क्लिक.
पाच छर्रे, काहीच फरक नाही. तीन परत तिथेच. चौथा आणि पाचवा एकदम वर, मध्याच्या ५ सेमी वर!!
डाउन १५ क्लिक. फरक नाही.
पप्पा म्हणतात स्कोप खराब.

ती दोन उद्गारचिन्हं तिचीच. हे पान वाचलं आणि मला निम्मं उत्तर तिथेच मिळालं, म्हणून सांगतो वही ठेवा, मोबाइलवर ठेवा, कशावरही ठेवा पण लिहा.

हे पान वाचायचं कसं, तर त्यासाठी क्लिकचा हिशोब माहीत पाहिजे. या स्कोपच्या नॉबवर पाव एमओए प्रति क्लिक असं लिहिलेलं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर तो २९ मिलिमीटर भरतो, मग पाव एमओए १०० मीटरवर साधारण ७.३ मिलिमीटर. हा कोन आहे, त्यामुळे अंतर कमी झालं की त्याच प्रमाणात कमी होतो, २० मीटरवर एक क्लिक म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, नेमकं सांगायचं तर १.४५. आणि १० मीटरवर त्याच्या निम्मं. लोक इथेच चुकतात, १०० मीटरचा आकडा डोक्यात ठेवून २० मीटरवर चार क्लिक देतात आणि म्हणतात नॉब कामच करत नाही, अरे चार क्लिकने सहा मिलिमीटरच जाणार, ग्रुपच अडीच सेंटीमीटरचा असेल तर दिसणार कुठून.

आता तिचे आकडे लावा. ४० क्लिक म्हणजे ५८ मिलिमीटर, १३ वरून ७ वर आला, बरोबर. ३० क्लिक म्हणजे साडेचार सेंटीमीटरच्या आत-बाहेर, ७ वरून ३ वर, हेही बरोबर. पुढचे २० क्लिक म्हणजे जवळपास ३ सेंटीमीटर, आणि इथे शून्य फरक, मग अचानक उडी. म्हणजे स्कोप पहिल्या ७० क्लिकपर्यंत अगदी प्रामाणिकपणे वागलाय आणि त्यानंतरच बिघडलाय. पूर्ण खराब स्कोप असं करत नाही, तो पहिल्यापासूनच कुठेही जातो. जो ठरावीक जागेनंतर बिघडतो तो बहुतेक टोकाला पोचलेला असतो.

टोक म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण सगळं प्रकरण यावरच आहे. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आत एक बारीक नळी असते, भिंगं आणि क्रॉसहेअरचा (नेमाच्या उभ्या-आडव्या रेघांचा) संबंध तिच्याशी. वरचा नॉब आणि बाजूचा नॉब हे दोन स्क्रू तिला ढकलतात, आणि समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूवर दाबून धरते. नॉब डाउनकडे फिरवला की स्क्रू आत जातो आणि स्प्रिंग दाबली जाते, नॉब अपकडे फिरवला की स्क्रू बाहेर येतो आणि आतली नळी स्प्रिंगच्या जोरावर त्याच्या मागे जाते. म्हणजे जितकं अप तितकी स्प्रिंग सैल. शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगमध्ये दमच राहत नाही, स्क्रू मागे गेलेला असतो पण नळी तिथेच चिकटून बसते, आणि मग रायफलच्या दोन-चार धक्क्यांनी ती सुटून एकदम सरकते. वहीत नेमकं हेच उतरलेलं, काही नाही, काही नाही, आणि चौथ्या छर्ऱ्याला उडी. शिवाय नळी गोल आहे, त्यामुळे उजवीकडे ४० क्लिक आधीच खर्च केले असतील तर वरची जागा आपोआप कमी होते, दोन्ही नॉबांची जागा एकाच गोलातून जाते हे पक्कं लक्षात ठेवा.

पण म्हणून लगेच स्कोपला हात लावला नाही. तपासणी खालून वर करायची असते, आधी दस्ता, मग माउंट, मग रिंगा, मग धरण्याची पद्धत आणि सगळ्यात शेवटी नॉब. हा क्रम उलटा केला की दिवस जातो.

दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू सैल निघाले, पाऊण वळसा तरी फिरले असतील. स्प्रिंग रायफलमध्ये हे होतंच, आतला पिस्टन जोरात पुढे जातो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन पुढे हवेच्या गादीवर आपटून थांबतो तेव्हा रायफल उलट पुढे झटका खाते, असा दुहेरी धक्का दर छर्ऱ्याला. त्या दुसऱ्या, पुढच्या झटक्यानेच साधे स्कोप मरतात, कारण बंदुकीचे स्कोप मागच्या धक्क्यासाठी घट्ट केलेले असतात, पुढच्या झटक्याची सोय त्यात असेलच असं नाही. म्हणून स्प्रिंग रायफलसाठी घेताना एअरगन रेटेड आहे का एवढं विचारूनच घ्यावं, .३०८ सारख्या मोठ्या काडतुसाच्या रायफलवर चालतो म्हणजे इथेही चालेल असं समजू नये.

मग माउंट. खाचेवर मागच्या रिंगच्या पुढे दोन मिलिमीटरचा ताजा चकचकीत ओरखडा, म्हणजे अख्खा स्कोप माउंटसकट मागे सरकत होता. मागच्या रिंगच्या पोटात एक छोटी पिन असते, ती रायफलच्या पाठीवरच्या भोकात उतरवायची असते म्हणजे माउंट सरकत नाही. पिन वर तशीच राहिलेली, भोक दोन बोटं मागे. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "काका, मला वाटलं ते भोक तेल टाकायला आहे." तिचा काय दोष, डब्यात कागदच नव्हता. माउंट सोडवल्यावर खाचेच्या डाव्या कडेला काळ्या रंगाचा घट्ट थर सापडला, रंग देताना साचलेला, त्यामुळे रिंग एका बाजूने उचललेली आणि स्कोप किंचित तिरपा. उजवीकडचे ४० क्लिक तिथे गेले होते. थिनरच्या बोळ्याने आणि लाकडी काडीने तो काढला, लोखंडी टोकाने खरवडू नका, खाच खराब होते.

नळीतून धूर आणि जळकट वासही येत होता. भाऊंनी मायेने मशीनचं तेल नळीत सोडलेलं. स्प्रिंग रायफलमध्ये दाबलेली हवा इतकी तापते की ते तेल पेटतं, आणि प्रत्येक छर्ऱ्याला वेगळा वेग मिळतो, मग झिरो कसला. तंगुसाला कापडाचा तुकडा बांधून नळी ओढून साफ केली, आणि मग कागदावर न बघता गोणीत छर्रे मारत राहिलो, वास पूर्ण जाईपर्यंत.

आता धरण्याची पद्धत, इथे मला मुलीशी जरा वाद घालावा लागला. एनसीसीत तिला शिकवलेलं की दस्ता खांद्यात घट्ट ओढायचा, पकड पक्की. पॉइंट टू टू ला ते बरोबर आहे. पण स्प्रिंग रायफलमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलायला लागलेली असते, आणि ती कशी हलते यावर छर्रा कुठे जाईल हे ठरतं. घट्ट धरलं की प्रत्येक वेळी पकडीचा जोर थोडा वेगळा पडतो आणि तेवढाच ग्रुप पसरतो. म्हणून रायफल उघड्या तळहातावर नुसती ठेवायची, बोटांनी आवळायची नाही, खांद्याला हलकी टेकवायची आणि तिला तिच्या मनाने मागेपुढे होऊ द्यायचं. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, तोफेची नळी कशी गोळ्याबरोबर मागे जाऊन परत जागेवर येते तसं, आणि ज्या गावाशेजारी देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे तिथल्या पोरांना हे समजवायला वेळ लागत नाही. भाऊ तर रायफल विटेवर टेकवून मारत होते, कडक गोष्टीवर टेकवली की ती उडते आणि ग्रुप वर जातो, म्हणून वीट काढून तांदळाची छोटी पिशवी, तिच्यावर तळहात आणि तळहातावर रायफल, दर वेळी एकाच जागी.

हे सगळं झाल्यावरच स्कोपकडे आलो. आधी नॉब मध्यावर आणले. वरचा नॉब हलक्या हाताने एका टोकापर्यंत नेला, मग दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत गेलो, २०८ भरले, म्हणून १०४ मागे. बाजूचाही तसाच. टोकाला जोर लावायचा नाही, अडकलं की थांबायचं. मग स्कोप रिंगांत परत बसवून, पिन भोकात उतरवून, पाच छर्रे. डावं-उजवं जवळपास सरळ आलं, राइटला ८ क्लिक पुरतील इतकं. पण उंचीत १३ सेंटीमीटर खाली, वहीतल्या पहिल्या ओळीसारखंच.

इथे खरा रोगी सापडला. नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये बिजागरी असते, आणि बऱ्याच रायफलमध्ये नळी बंद केल्यावर पाठीवरच्या खाचेच्या तुलनेत किंचित खाली झुकलेली राहते, याला ड्रूप म्हणतात. रायफलवर येणाऱ्या उघड्या माश्या (स्कोपशिवाय नेम धरायच्या खुणा) नळीवरच असतात म्हणून त्यांना फरक पडत नाही, पण स्कोप पाठीवर बसतो आणि त्याला हा झुकाव स्वतःच्या क्लिकमधून भरून काढावा लागतो. १३ सेंटीमीटर म्हणजे ९० क्लिक. मध्यापासून टोकापर्यंत १०४, त्यातले ९० वर आणि ४० उजवीकडे, गोलाच्या हिशोबाने जवळपास ९८ व्या क्लिकवर नळी भिंतीला टेकायला आलेली. स्कोपने यापेक्षा जास्त काय करावं! माझ्या मते या प्रकरणात दहा आणे दोष ड्रूपचा, बाकीचे सहा आणे रंगाचा थर, पिन, तेल आणि वीट यांनी वाटून घेतले.

यावर नीट उपाय म्हणजे ॲडजस्टेबल माउंट किंवा ड्रूप भरून काढणारा माउंट, तो मागून उंच असतो आणि स्कोपला पुढे खाली बघायला लावतो. भाऊंनी तो मागवायचा ठरवला, पण तोवर काय, म्हणून सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये असलेल्या त्यांच्या मेहुण्यांना बोलावलं. नाशिककरांना हा फायदा आहे, नात्यात कोणीतरी सातपूर नाहीतर अंबडला असतोच आणि त्याच्याकडे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि शिमचा, म्हणजे फट भरायचा पातळ, पत्रा असतो. त्यांनी दोन्ही रिंगांची उंची मोजली, एक दुसरीपेक्षा ०.१२ मिलिमीटर जास्त निघाली, आणि उंच रिंग पुढे बसवलेली होती! स्वस्त रिंगांत एवढा फरक असणं काही विशेष नाही. रिंगांची अदलाबदल केली, उंच मागे आणि बुटकी पुढे, म्हणजे मागची बाजू पुढच्याच्या मानाने ०.२४ मिलिमीटरने वर आली. दोन रिंगांत अंतर ९६ मिलिमीटर, ०.२४ भागिले ९६, तो कोन २० मीटरवर नेला की ५ सेंटीमीटर. एक पैसा खर्च न करता ३४ क्लिक परत मिळाले.

मग मागच्या रिंगच्या तळाला ०.१५ मिलिमीटरची शिम, रिंगच्या रुंदीएवढीच कापलेली. तिचे आणखी ३ सेंटीमीटर. तिथेच थांबलो, कारण शिम जाड करत गेलं की दोन रिंगा दोन दिशांना बघायला लागतात आणि मध्ये स्कोपची नळी वाकते, घट्ट केल्यावर तिच्यावर रिंगचे वण पडतात. इंटरनेटवर शीतपेयाच्या डब्याचे चार-पाच तुकडे एकावर एक ठेवायचा सल्ला फिरतो, कृपया तो करू नका. राहिले ५ सेंटीमीटर, ३४ क्लिक, १०४ पैकी ३४, म्हणजे स्प्रिंग आता चांगली दाबलेली.

रिंगांचे वरचे स्क्रू घट्ट करायच्या आधी क्रॉसहेअर उभा आहे ना ते बघावं लागतं. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा, मांडवाच्या अँगलला बांधून २० मीटरवर सोडला, वारा पडल्यावर. रायफल पाठीवरच्या खाचेवर स्पिरिट लेव्हल ठेवून सरळ केली आणि स्कोप फिरवत फिरवत उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर आणली. क्रॉसहेअर तिरपा असेल तर एका अंतरावर झिरो होतो पण जवळ छर्रा एका बाजूला आणि लांब दुसऱ्या बाजूला जातो, मग माणूस वाऱ्याला दोष देत बसतो. स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे, दोन्हीकडची फट सारखी ठेवून. टॉर्क रेंच असेल तर दोन न्यूटन मीटरच्या आतच, नसेल तर ॲलन कीचं आखूड टोक बोटात धरून जेवढं बसेल तेवढं. लांब टोकाने आवळलं की नळी चेपलीच समजा.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष झिरो करणं अगदी थोड्या वेळाचं काम राहिलं. आधी १० मीटरवर मोठ्या पुठ्ठ्यावर, म्हणजे छर्रा कुठे जातोय ते हमखास दिसतं. मग २० मीटर, टेपने मोजलेलं, पावलांनी नाही. पाच छर्रे, मध्य काढला, खाली ४८ मिलिमीटर, अप ३३. परत पाच, एक क्लिक अजून. नॉबवरचा बाण छर्रा कुठे न्यायचा ते सांगतो, छर्रा खाली पडतोय तर अप, डावीकडे पडतोय तर राइट, एवढंच डोक्यात ठेवा. क्लिक दिल्यावर नॉबवर बोटाने दोन-तीनदा टिचकी मारायची आणि दोन छर्रे गोणीत सोडून मगच मोजायला घ्यायचं, म्हणजे आतली नळी जागेवर बसते.

नंतर चौकोनाची परीक्षा. निशाण एकाच ठिपक्यावर धरून पाच मारायचे, मग २० क्लिक वर, पाच, २० उजवीकडे, पाच, २० खाली, पाच, २० डावीकडे आणि शेवटचे पाच. २० क्लिकला २९ मिलिमीटरची बाजू यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडायला हवा. ज्या स्कोपला घरात बेकार ठरवलं होतं त्याने बाजू बरोबर काढल्या आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांत जाऊन बसले. मुलीने वहीत फक्त "आला!!" लिहिलं. ग्रुप दहाच्या नाण्याखाली झाकला जात होता, या किमतीच्या स्प्रिंग रायफलकडून मला एवढं पुरेसं आहे.

झिरो २० मीटरलाच का केला हेही सांगतो. स्कोप नळीच्या साडेचार सेंटीमीटर वर आहे, छर्रा खालून वर चढत येतो, नजरेच्या रेषेला टेकतो आणि परत खाली जातो. सेकंदाला २४० मीटरच्या आसपास वेग धरला तर २० मीटरला झिरो केलेला छर्रा १५ ते २५ मीटरच्या पट्ट्यात अर्ध्या सेंटीमीटरच्या आतच राहतो, पण १० मीटरवर सव्वा सेंटीमीटर खाली आणि ३० वरही साधारण तेवढाच खाली. म्हणजे १० मीटरवर छर्रा खाली गेला म्हणून झिरो गेला असं समजून नॉबला हात लावायचा नाही. छर्ऱ्याचा डबा बदलला तर मात्र परत बघावं लागेल, वजन बदललं की उंची बदलते, आणि चपट्या डोक्याचा छर्रा १० मीटरच्या कागदावर छान गोल भोक पाडतो पण लांब गेल्यावर गोल डोक्याचाच बरा.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, पॅरलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की क्रॉसहेअरही सरकल्यासारखा दिसणं. या स्कोपला पुढे फोकसची रिंग नाही आणि अशा स्कोपचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांवर बांधलेला असतो. २० मीटरवर डोळा मध्यापासून सरकला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसतो, ४० मिलिमीटरच्या भिंगाला हिशोबाने जास्तीत जास्त दीड सेंटीमीटरपर्यंत चूक येऊ शकते. ग्रुप अडीच सेंटीमीटरचा असताना ही चूक छोटी नाही. त्यावर तूर्तास दस्त्यावर गाल टेकायच्या जागी कापडी टेपची घडी चिकटवली, गाल तिला लागला की डोळा दर वेळी मध्यावरच येतो, आणि चित्राच्या कडेची काळी सावली चारही बाजूंनी सारखी दिसल्याशिवाय ट्रिगर नाही. झूम ४ किंवा ५ वर, ९ वर या अंतराला चित्र पुसट होतं. पुढच्या वेळी स्कोप घ्यायचाच तर १० मीटरपर्यंत फोकस होणारा घ्या, मोठ्या झूमवर पैसे घालवू नका.

डिसेंबरच्या थंडीत अजून एक बघायला मिळालं. निफाडचा पारा पेपरात यायला लागला त्या आठवड्यात सकाळी सातला ग्रुप ६-७ मिलिमीटर खाली, दुपारी परत जागेवर. पिस्टनचं ग्रीस गारठ्यात जड होतं, वेग थोडा कमी पडतो. मुलीने यावेळी नॉबला हात न लावता वहीत वेळ लिहिली, मला याचा फार आनंद झाला, कारण सकाळी क्लिक दिले असते तर दुपारी उलटे द्यावे लागले असते.

भाऊंनी मध्ये विचारलं की आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, ज्याने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तो कुठला स्कोप वापरतो. कुठलाच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे गोल रिंग. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा, आणि तोही नुसत्या डोळ्याने. पण क्लिक तिथेही आहेत, मॅचच्या आधी तयारी आणि सायटिंगला १५ मिनिटं मिळतात त्यात नेमबाज हेच करतो, ग्रुप बघतो आणि क्लिक देतो. मुलीने आता त्या बाजूला जायचं ठरवलंय. ती रायफल वेगळी, तिला धक्का जवळपास नसतोच, आणि इथे शिकलेला हलका हात आणि वही दोन्ही तिथे उपयोगी पडणार.

सध्या स्थिती अशी. दस्त्याच्या आणि माउंटच्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढलीय, अर्धी स्क्रूवर अर्धी धातूवर, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. रिंगच्या मागे खाचेवरही एक रेघ, माउंट सरकतोय का ते कळायला. सरावाला बसायच्या आधी मुलगी या रेघा बघते, मग दोन छर्रे गोणीत आणि मग टार्गेट. ॲडजस्टेबल माउंट आला की शिम काढून टाकायची आणि नॉब मध्यावर आणून सगळं परत पहिल्यापासून, ओळंब्यासकट.